मागचं बक्कल

म

खुर्ची आली आणि मार वाढला.

खुर्ची नव्हती तेव्हा मार नव्हता असं नाही. होताच. पण तेव्हा जमीन होती. दादाचा आवाज दारात चढला की धाकटा भाऊ डाव्या कोपरावर जोर द्यायचा, अंग ओढायचा, आणि दादा चपला काढेपर्यंत खाटेखाली, भिंतीला जाऊन चिकटलेला असायचा. दादाची कंबर धरलेली. वाकून मारायचं म्हणजे आपल्याच जिवाला घोर. ट्यूब कापून केलेली पट्टी खाटेखाली यायची, फरशीवर फटाफट वाजायची, बरेचसे फटके फरशीच खायची. आणि हात फारच आत आला तर दात होते. दादाच्या मनगटावर त्या दातांची एक अर्धी कमान कायमची उमटलेली. दुकानात कुणी विचारलं तर दादा सांगायचा, कुत्रं चावलं.

धाकट्याचे पाय जन्मापासून कामाचे नव्हते. उजवा हात छातीशी मुडपलेला, मूठ मिटलेली. डावा मात्र सगळ्या शरीराची चाकरी करून करून झाडाच्या मुळासारखा झाला होता. जीभ जड. एक शब्द तोंडाबाहेर यायचा तर आधी मान हलायची, मग जबडा, मग लाळ, आणि शेवटी शब्द. जमिनीवर सरकतो म्हणून लोकांनी नाव ठेवलं, सरकार. दादाच्या पंक्चरच्या दुकानासमोर बसणाऱ्या रिकामटेकड्यांना तेवढीच करमणूक.

"काय रे, सरकार पडलं का?"

"पडलेलंच आहे. उठलं होतं कधी?"

दादाही हसायचा. हसून झालं की घरी यायचा.

आता जमीन गेली होती. सरकार खुर्चीत होता, छातीवरून रुंद पट्टा गेलेला, पट्ट्याचं बक्कल पाठीमागे, खुर्चीच्याही मागे. तिथे त्याचा डावा हात या जन्मात पोचणार नव्हता. दादाला वाकायला लागत नव्हतं. खुर्चीची उंची अशी बेतशीर की पट्टी बरोबर मांडीवर, खांद्यावर, कानावर बसायची. एकही फटका फरशीला मिळत नव्हता.

आई स्वयंपाकघरात मिक्सर लावायची. भांड्यात काही नसायचं. रिकामाच फिरवायची, आवाजासाठी.

मला

दोन संस्था होत्या. एक मुलांची, एक मोठ्यांची. मुलांची जुनी, तिचा कारखाना होता. मान न धरणाऱ्या, पाय न टेकणाऱ्या मुलांसाठी खुर्च्या व्हायच्या तिथे. मोठ्यांच्या संस्थेकडे फक्त मोठी माणसं होती, गावोगावच्या खोल्यांत पडून राहिलेली. दोघींनी हातात हात दिला. तसं चित्रच काढलं होतं प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर, एकमेकांत गुंतलेले दोन हात. आता मुलांचा कारखाना मोठ्यांच्याही खुर्च्या करणार होता.

केल्या. मुलांच्याच खुर्चीचा कागदी साचा फुगवून केल्या. कापडाचा तागाही तोच. त्यामुळे मिशीत दोन-चार पांढरे केस आलेल्या सरकारला पिवळ्या बदकांच्या कापडाची खुर्ची मिळाली. आणि मूल बक्कलशी खेळतं, उघडतं, पडतं, म्हणून मुलांच्या खुर्चीला बक्कल मागे असतं. ते या खुर्चीलाही मागेच आलं. कुणाच्या वाईटावर कुणी नव्हतं. साचा होता.

मापं घ्यायला कारखान्यातून माणूस आला होता. टेप सरकारच्या छातीभोवती, प्रश्न आईला.

"पडतो का हो?"

"पडतो की. सारखा पडतो."

"हाताने काही सोडवतो?"

"विचारू नका. परवा माझ्या पिशवीची गाठ सोडली."

"मग मागेच बरं."

"मागेच बरं बाई."

"म..." सरकारने सुरुवात केली. मान हलली, जबडा हलला. "म... ला..."

"पाणी हवंय त्याला," आई म्हणाली आणि पाणी आणायला गेली. माणसाने टेप गुंडाळला.

सरकारचं सगळं आयुष्य असं होतं. तो वाक्य सुरू करायचा, लोक संपवून टाकायचे. त्यामुळे त्याने आयुष्यात फार पाणी प्यायलं होतं.

खुर्च्या वाटल्या त्या दिवशी मांडव होता, माईक होता. साहेबांनी, म्हणजे दोन्ही संस्थांचा मेळ घालणाऱ्या, सदा घाईत असणाऱ्या माणसाने, दादाला पुढे बोलावलं. सांगा, भावाबद्दल काही सांगा. दादा माईकसमोर उभा राहिला. लहानपणी याला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचो, म्हणाला. पोरं म्हणायची, आलं रे गाढव ओझं घेऊन. मी त्यांना मारायचो, म्हणाला. आणि रडला. सगळा मांडव रडला. त्यात खोटं काही नव्हतं. ते रडणं खरं होतं आणि संध्याकाळचा मारही खरा होता. दोन्ही एकाच माणसाच्या आतून येत होतं, एकाच विहिरीचं पाणी.

मग रस्त्याच्या वळणावर मोठा फलक लागला. खुर्चीत सरकार, मागे खुर्चीच्या मुठी धरून दादा. खाली लिहिलेलं, आदर्श भाऊ.

साहेब जाता जाता आईला म्हणाले, "रोज बसवायचं हं खुर्चीत. न वापरलेली खुर्ची आम्ही दुसऱ्या गरजूला देतो."

आईने ते कायदा म्हणून ऐकलं. सकाळी उजाडलं की ती सरकारला काखेत धरून वर ओढायची, पट्टा फिरवायची, मागे जायची.

टक्.

मला बक्कल

"काय बघतोयस? बघू नकोस असं. खाली बघ."

"..."

"आज दुकानावर एकाने विचारलं, आदर्श भाऊ, हवा फुकट भरता का? फुकट! तुझ्यापायी मी फुकटा झालो. हं, घे. लागलं? लागू दे."

"द..."

"दादा म्हणू नकोस. दादा दादा करून जन्म खाल्लास. बायको कुणामुळे गेली माझी? सांग. माहेरी जाते म्हणून गेली ती गेली. कुणामुळे?"

"तू... झ्या..."

"माझ्यामुळे? माझ्यामुळे! घे. आता म्हण."

"..."

"म्हण की! तिने तुला सांगितलं होतं का, मारतो म्हणून चालले? तुला सांगितलं? तुला? आई, मिक्सर बंद कर! ऐकू येत नाहीये मला हा काय म्हणतोय!"

"म... ला... ब..."

"बस म्हणतोस? बस झालं? बस मी म्हणणार. मी म्हणेन तेव्हा बस."

"..."

"आणि ऐक. पुढच्या वेळी दात दाखवलेस तर पट्टी नाही. टॉमी आणीन. टायर रिममधून उपटतो ना मी, तसे एकेक दात उपटीन."

"..."

"थुंक. रक्त गिळू नकोस, थुंक. आई, फडकं आण. खुर्चीला डाग पडेल."

मला बक्कल पुढे

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. भीक नको पण कुत्रं आवर असंही म्हणतात, पण ते म्हणायला जीभ लागते.

सरकारला मार थांबवायचा नव्हता. तेवढी मोठी आशा त्याने कधीच सोडून दिली होती. त्याला खाटेखालची जागा परत हवी होती. त्यासाठी ते बक्कल छातीवर यायला हवं होतं, डाव्या हाताच्या टप्प्यात. बस्स. टॉमी म्हणजे काय ते त्याने दुकानात पाहिलं होतं, हातभर लांबीची, टोकाला चपटी लोखंडी सळई. ती डोक्यात बसली की सरकार खरंच पडणार होतं.

संस्थेची माणसं अधूनमधून खुर्च्या तपासायला यायची. पण ती आली की दादा खुर्चीमागे मुठी धरून उभा. "काय म्हणतोय?" "छान आहे म्हणतोय." "काही त्रास?" "काही नाही म्हणतोय."

या वेळी साहेबांबरोबर कारखान्यात पट्टे शिवणारी पट्टेवाली ताई आली. जाडजूड बाई, गळ्यात टेप, खिशात सुईदोरा, हातात पिशवी. तिची एक रीत होती. बसलेल्या माणसाचा पट्टा ती आधी पूर्ण सोडायची, खालची कातडी बघायची, मग पुन्हा बांधून पट्ट्याखालून दोन बोटं फिरवायची. साहेब चहा घेत फोनवर बोलत होते. दादा मुठी धरून उभा होता.

"जरा सरका हो," ताई म्हणाली. "मला मागे जाऊ दे."

दादा सरकला. टक् झालं. पट्टा सैल पडला.

सरकारने स्वतःला फेकून दिलं.

आधी हनुवटी फरशीवर आपटली, मग खांदा. साहेबांचा कप कलंडला. आई ओरडली. दादा म्हणाला, "पडला, पडला, म्हणून तर पट्टा लागतो," आणि उचलायला धावला, पण सरकार पडला नव्हता, सरकत होता. कोपर, ओढ. कोपर, ओढ. दादाचा हात शर्टाला लागला, शर्ट फाटला, आणि फाटक्या शर्टातून पाठ दिसली. मग पाठही खाटेखाली गेली.

"असं कधी करत नाही हो," दादा हसून म्हणाला. "पाहुणे बघून लाडात आलाय. ए, बाहेर ये. चल, बिस्कीट देतो."

"आपण पुढच्या वेळी..." साहेबांनी घड्याळ पाहिलं.

पट्टेवाली ताई फरशीवर आडवी झाली. नुसती बसली नाही, आडवी झाली, पोटावर, गाल फरशीला टेकवून. तिला त्या अंगाने ते सोपं नव्हतं. खाटेखालच्या अंधारात तिला दोन डोळे दिसले.

"बोल," ती म्हणाली.

"मला," सरकार म्हणाला.

"त्याला पाणी..." आई म्हणाली.

"थांबा," ताई म्हणाली.

"ब... बक्... कल..."

"काहीतरी बडबडतो हो," दादा म्हणाला.

"थांबा म्हटलं ना."

साहेबांचा फोन वाजून वाजून थांबला. सरकारच्या तोंडातून लाळ आली, मान भिंतीवर आपटली, जबडा वाकडा होऊन अडकला, पुन्हा सुटला. ताई तशीच पडून होती, जणू दुपारची झोपच काढायला आली होती.

मला बक्कल पुढे हवंय.

"एवढंच ना," ताई म्हणाली आणि उठली.

पट्टा खुर्चीला शिवलेला नव्हता, पाठीच्या दोन फटींतून ओवलेला होता. तिने तो पूर्ण उपसला, उलटा करून ओवला, खुर्चीवर बसून स्वतःच्या छातीवर लावून बघितला. साहेब म्हणाले, "साच्यात मागे आहे." ती म्हणाली, "साचा यांना बसवून काढला होता का?" दादा म्हणाला, "उघडेल आणि पडेल." ती म्हणाली, "पडू दे की. पडण्यात त्यांचा हातखंडा दिसतोय."

सरकार खाटेखाली हसला. त्याच्या हसण्याचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता, आई दचकली.

सरकारला वर घेतलं तेव्हा ताईने फाटक्या शर्टातली पाठ नीट पाहिली. बोट लावलं नाही.

"हे कशाचं?"

"पट्ट्याचं," दादा म्हणाला.

ताई दादाकडे बघत राहिली. मग पिशवी उचलली. "परवा येते मी. एकटी येणार नाही."

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दादा दारात हात जोडून उभा होता. मग तो घरात आला नाही. दुकानात गेला. आईने ते खिडकीतून पाहिलं. दुकानातून परत येताना त्याच्या हातात काय आहे तेही पाहिलं.

तिने मिक्सर लावला.

टक्

दादा काही बोलला नाही, हेच वेगळं होतं, नेहमी तो आधी बोलायचा आणि बोलण्यातून मार चढत जायचा, पण आज तो नुसता आला आणि सरकारचा डावा हात छातीवर गेला, अंगठ्याने बक्कल चाचपलं, कारण हात पोचत होता पण बोटांना अजून सवय नव्हती, आणि दादाने टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली, जणू दगड फोडायचा आहे, आणि अंगठा घसरला, आणि पुन्हा घसरला, आणि टक्, आणि सरकार पाण्यासारखा खुर्चीतून खाली ओघळला आणि टॉमी त्याचा गुडघा जिथे होता तिथून खाली गेली आणि पाय ठेवायच्या पत्र्यावर बसली आणि पत्रा फाटून त्याचा जबडा वासला, आणि दादाने टॉमी उपसली आणि या वेळी ती लागली, खांद्यावर, आत काहीतरी मोडल्याचं सरकारने कानांनी ऐकलं, पण तो उजवा खांदा होता, त्याचा तसाही काही उपयोग नव्हता, आणि डाव्याने त्याने दादाचा घोटा धरला, जसा माणूस पुरात झाड धरतो, आणि टाचेच्या वरची ती जाड दोरीसारखी शीर तोंडात घेऊन दात मिटले, आणि दादा ओरडला, आणि टॉमी आली पाठीत, आणि दात मिटलेले, आणि टॉमी आली बरगडीत, आणि दात मिटलेले, आणि दोरी तुटली, आणि दादाने पाय झटकला पण त्या पायाला आता उभं राहणं माहीत नव्हतं, म्हणून तो मागे गेला, खुर्चीवर गेला, खुर्ची चाकांवर पळाली आणि दादा खाली आला, आणि दुसरी पोटरी त्या फाटलेल्या पत्र्यावर उभी चिरत गेली, गुडघ्याच्या मागपासून खालपर्यंत.

दोघे भाऊ फरशीवर होते, तोंडासमोर तोंड. इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना शेवटचं कधी पाहिलं होतं? शाळेच्या वाटेवर दादाच्या पाठीवर असतानासुद्धा सरकारला त्याची मानच दिसायची. दादाच्या पोटरीतून रक्त उकळल्यासारखं येत होतं. दादाने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"अरे," दादा म्हणाला. "अरे, अरे."

टॉमी सरकारच्या हाताजवळ पडली होती. डाव्या हाताजवळ. सरकारने तिच्याकडे पाहिलं. दादानेही तिच्याकडे पाहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं आई नेहमी म्हणायची. त्याच्या दातांत त्या वेळी दादाचं मांस होतं.

सरकारने टॉमी ढकलली. ती खाटेखाली गेली, भिंतीपर्यंत, त्याच्या जुन्या जागी.

मग त्याने खुर्चीवरून लोंबणारा पट्टा धरला आणि ओढला. तो फटींतून सरसर निघून आला. दादाच्या गुडघ्याच्या वर, मांडीभोवती त्याने तो घातला, एक टोक दातांत, एक हातात, आणि आवळला. दादा किंचाळला. त्याने अजून आवळला. बक्कल लागलं.

"सैल कर," दादा रडत म्हणाला. "मेलो रे, थोडा सैल कर."

"न... नाही," सरकार म्हणाला, आणि अंगठा बक्कलवर ठेवून पडून राहिला.

"आई!" दादा ओरडला.

"आ... ई!" सरकार ओरडला.

दोघांनी एका वेळी हाक मारायची ही पहिलीच खेप असेल. पण मिक्सर चालू होता. रोजचा मार केव्हाच संपला असता इतका वेळ तो चालू होता, रिकामा, पूर्ण वेगाने, आणि आई त्याच्या झाकणावर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून उभी होती. दोघे हाका मारत होते, रक्त फरशीच्या फटीफटीने खाटेकडे चाललं होतं, आणि मिक्सर ओरडत होता.

मग जळका वास आला. मिक्सर घरघरला, आणि जळून बंद पडला.

त्या शांततेत आईला तिचे दोन्ही मुलगे ऐकू आले.

टक्, टक्

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पट्टा नसता तर वाटेतच गेला असता. एवढं वाक्य बाहेर फुटलं आणि पसरलं. साहेबांचा फोन आला, अपंग भावाने भावाचा जीव वाचवला, नवा फलक करू, खुर्चीत तो, पट्टा हातात. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो फलक आधी काढा. मग बोलू." आणि फोन ठेवला. असं बोलता येतं हे तिला त्या वयात कळलं.

ठरल्याप्रमाणे ताई आली होती, दोन माणसं घेऊन. तिने खुर्चीचा पत्रा बदलला, नवा पट्टा ओवला, बक्कल पुढे. सरकारचा उजवा खांदा आणि बरगड्या बांधलेल्या होत्या. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"आमच्याकडे राहायला जागा आहे. चल. इथे नको. आणि पोलिसांत मी स्वतः येते तुझ्याबरोबर."

तिने वाट पाहिली. आईनेही पाहिली.

"घर... माझं... पण... आहे," सरकार म्हणाला. "पो... लिसांत... सांगू. मग... इथेच."

"बरं. कापड बदलू? बदकांवर रक्त आहे."

"अ... सू दे."

म्हणून ते तसंच आहे. पिवळी बदकं, त्यातली काही तपकिरी.

पोलिसांत सांगून झालं. लिहून घेणाऱ्यानेही त्याची वाक्यं स्वतःच पूर्ण करायला घेतली होती. ताईने टेबलावर हात आपटला तेव्हा थांबला. पुढचं पुढे होईल. तोवर दादा घरी आला आहे, त्याच खाटेवर. एका पायाची टाच शिवलेली, दुसऱ्याची पोटरी. उभं राहायला कधी जमेल ते डॉक्टर सांगत नाहीत. पाणी प्यायचं तर आईला हाक मारावी लागते. ट्यूबची पट्टी अजून खिळ्यावर आहे, खाटेवरून दिसते, हात पोचत नाही.

सकाळी आई सरकारला वर घेते. पट्टा तो स्वतः लावतो. मग तो सुरुवात करतो, "मला... ति... कडे..." आणि आई मधे बोलत नाही, हातातलं काम धरून उभी राहते, त्याचं होईपर्यंत. झालं की खुर्ची ढकलून खाटेसमोर आणते, दादाच्या तोंडासमोर, आणि चाकं अडकवून निघून जाते.

सरकार बक्कल उघडतो. टक्.

लावतो. टक्.

दादा भिंतीकडे तोंड करतो. खाटेखाली काय पडलं आहे ते त्याला माहीत आहे. ती टॉमी कुणी काढलेली नाही. आणि तिथवर या घरात एकच माणूस जाऊ शकतो.

टक्.

"बंद कर ते," दादा म्हणतो.

टक्.

"बंद कर म्हणतो ना!"

सरकारची मान हलते. मग जबडा. मग लाळ. दादाला वाक्य आधीच कळलेलं असतं, पण ते संपवायची त्याची हिंमत होत नाही. शब्दाशब्दाने ते त्याच्याकडे येत राहतं आणि तो भिंतीकडे बघत त्याची वाट पाहतो.

"तू... ऊठ... आणि... कर."